दमा शिकवू लागलेल्या नव्या व्याख्यात्यास

पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयात तुम्ही प्रथमच दमा आणि सीओपीडी (फुप्फुसांतील हवेच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा आजार) शिकवणार आहात, म्हणून सांगतो: पहिला तास फळ्यापाशी घेऊ नका, विद्यार्थ्यांच्या हाती सरावाचे, औषध नसलेले इनहेलर द्या. इनहेलर हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, दाब देताच सावकाश खोल श्वास घेणे आणि सुमारे 10 सेकंद रोखून धरणे, एवढ्या चार क्रियांत भावी डॉक्टरही चुकतात; आणि ज्याला स्वतःला जमत नाही, तो मुळशी-वेल्ह्याहून आलेल्या आजीबाईंना काय शिकवणार? स्पेसरची, म्हणजे इनहेलर आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीची, सवय तिथेच लावा. पावडरच्या इनहेलरला मात्र श्वास जोरात ओढावा लागतो, हा फरक आवर्जून दाखवा.

त्या आजींनी आयुष्यात विडी ओढलेली नसते, परंतु चुलीचा धूर वर्षानुवर्षे सोसलेला असतो. तेव्हा ‘धूम्रपान नाही, म्हणून सीओपीडी नाही’ असा निष्कर्ष विद्यार्थ्याने काढला, तर त्याला तिथेच थांबवा. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे सोडलेला श्वास मोजणाऱ्या चाचणीचा, आग्रह धरा: श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, जोराने सोडलेल्या एकूण श्वासातील पहिल्या सेकंदाचा वाटा 0.7 पेक्षा कमी राहिला, तर अडथळा टिकून आहे, असे समजावे.

दम्यात रुग्णाला केवळ साल्ब्युटामॉलवर, म्हणजे श्वासनलिका तात्पुरत्या रुंदावणाऱ्या औषधावर, ठेवू नये, असे दम्याच्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ 2019 पासून सांगते. सूज कमी करणारे स्टेरॉइड श्वासावाटे द्यावे लागते, आणि त्यानंतर चूळ भरण्याची आठवणही. सीओपीडीच्या तीव्र झटक्यात रक्तातील ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्क्यांदरम्यान राखायची, हे प्रत्येकाकडून रुग्णाच्या खाटेशेजारी वदवून घ्या.