जुन्या लॅपटॉपचा अनोळखी पासवर्ड: आधी कुलूप कोणते ते पाहा

सेकंडहँड डेल लॅटिट्यूड घेतला, तो सुरू केल्यावर अनोळखी माणसाचे नाव आणि पासवर्डची चौकट दिसते, आणि दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. कृपया त्या खर्चाला एवढ्यात हो म्हणू नका. डेलचे चिन्ह येऊन गेल्यावर डोंगराचे चित्र दिसते आणि मग नाव येते, हे आपलेच वर्णन आहे. म्हणजे हा पासवर्ड विंडोजच्या खात्याचा आहे आणि मदरबोर्डशी त्याचा संबंध नाही.

पासवर्ड कोणत्या क्षणी विचारला जातो, यावरून कुलूप कशावर आहे ते कळते. चिन्हाबरोबरच, विंडोज सुरू होण्याआधी विचारला, तर तो बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रामचा) किंवा हार्ड डिस्कचा असतो. निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली, तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आहे. बिटलॉकरचा पडदा पाहून लोक फार घाबरतात. पण ते आतल्या माहितीचे रक्षण करते, यंत्राचे नाही. आपल्याला आधीच्या मालकाची माहिती नकोच आहे, त्यामुळे ती कीसुद्धा शोधत बसावी लागत नाही. विंडोजच्या खात्याचेही तसेच. पासवर्ड फोडून देणारी सॉफ्टवेअर उतरवू नका. त्या डिस्कवर कुणाच्या घरचे फोटो आणि बँकेचे कागद असू शकतात. ते न उघडता पुसून टाकणे हेच मला योग्य वाटते.

त्यासाठी किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातले सगळे पुसले जाईल) आणि दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज 11 घ्या. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने आता ते नव्याने टाकू नये. मात्र विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, हे आधी तपासा. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ12 दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून तो निवडा. पुढे कस्टम पर्याय घेऊन डिस्क 0 वरील सर्व पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) एकेक करून काढा, म्हणजे शेवटी एकच रिकामी जागा उरेल. तिथेच विंडोज टाका. दुसरी कोणतीही बाहेरची डिस्क त्या वेळी जोडलेली नसावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत या टप्प्यावर डिस्क दिसतच नाही, आणि डिस्क जळाली असे लोकांना वाटते. खरे तर इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डिस्क ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, नसतो. तो डेलच्या संकेतस्थळावरून त्याच पेनड्राइव्हवर ठेवून त्याच पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’ पर्यायातून द्यावा. परवान्याचे बोलायचे तर, या यंत्रावर आधी अधिकृत विंडोज असेल आणि तीच आवृत्ती, होम किंवा प्रो, टाकली, तर इंटरनेटला जोडल्यावर ती बहुधा आपोआप सक्रिय होते.

बायोसचा पासवर्ड मात्र वेगळा. 2016 साली मी घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपला तो होता. वीज काढून कॅबिनेट उघडले, रुपयाच्या नाण्याएवढ्या सीआर2032 सेलजवळच्या तीन पिनांवरची इवलीशी निळी टोपी काढून शेजारच्या दोन पिनांवर काही सेकंद ठेवली, परत जागेवर बसवली, आणि पासवर्ड गेला. तोच उपाय लॅपटॉपवर करायला जाऊ नका. बहुतेक लॅपटॉपांत हा पासवर्ड विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये असतो, म्हणून सेल काढून तो जात नाही, उलट नाजूक पट्ट्या मात्र तुटतात. अशा वेळी तळाशी असलेला सर्व्हिस टॅग (डेलचा त्या यंत्राचा ओळख क्रमांक) आणि खरेदीचे बिल घेऊन कंपनीकडेच जावे. मालकीचा पुरावा विचारला जाईल आणि तो विचारला जाणे रास्तच आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. लॅटिट्यूड ही मुख्यतः कार्यालयांसाठीची मालिका आहे. लॅपटॉपच्या खाली अर्धवट खरवडलेले बारकोडचे स्टिकर आहे का, ते उजेडात धरून पाहा. यंत्र एखाद्या संस्थेच्या ऑटोपायलट व्यवस्थेत (संस्थांना आपले संगणक दुरून सांभाळता यावेत यासाठीची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदलेले असेल, तर विंडोज नव्याने टाकून वाय-फाय जोडताच त्या संस्थेचे नाव येते आणि तिथल्या ईमेलने लॉग-इन मागितले जाते. डिस्क पुसून ही नोंद जात नाही. ती काढणे त्या संस्थेच्याच हाती असते. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या सापडतील, पण त्या वापरू नका, कारण लॅपटॉप रीतसर विकलेला आहे की चोरीचा, हे आपल्याला अजून माहीत नाही. तसा पडदा आला तर तिथेच थांबा, त्याचा फोटो काढा आणि विक्रेत्याला लेखी कळवून नोंद काढून देण्याची किंवा पैसे परत करण्याची मागणी करा. ती संस्था ओळखता आली, तर सर्व्हिस टॅग देऊन तिच्या आयटी विभागालाही विचारा.

आधी एफ12 ची यादी पासवर्डशिवाय उघडते का, ते पाहा आणि प्रोसेसरच्या पिढीसह इथे लिहा. ड्रायव्हर लागेल की नाही, ते त्यावरून सांगता येईल.