सीजीपीए (दहापैकी ग्रेडची सरासरी) ६.६ आहे. प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये टक्के भरताना ९.५ ने गुणू का? (बीई, शेवटचं वर्ष)

नाही, ९.५ ने गुणू नका. तुमच्या विद्यापीठाने तुमच्या पॅटर्नसाठी (म्हणजे तुम्हाला लागू असलेल्या अभ्यासक्रमासाठी) जे सूत्र दिलंय तेच वापरा. ९.५ हा सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीतला आकडा. इंजिनिअरिंगच्या पदवीला तो आपोआप लागू होत नाही, तरी निम्मा वर्ग तोच ठोकून देतो. फरक बघा: ६.६ × ९.५ = ६२.७ टक्के. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याने (६.२५ ला ५५, ६.७५ ला ६०, म्हणजे ०.७५ वजा करून दहाने गुणायचं) येतात ५८.५. साठची अट असेल तर एका हिशोबाने तुम्ही आत, दुसऱ्याने बाहेर. आज फॉर्म पुढे सरकेलही, पण जॉइनिंगला कागदपत्रं तपासताना आकडा जुळला नाही तर ऑफर रद्द होऊ शकते.

सूत्र शोधायच्या जागा:
- मार्कशीटची मागची बाजू
- परीक्षा विभागाचं परिपत्रक (टीपीओकडे, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे, प्रत असते)

सिनियरचं सूत्र उचलू नका, पॅटर्न बदलला की तेही बदलू शकतं. आणि ५९.६ चे ६० करायचे नाहीत. राउंड-ऑफ चालत नाही असं पुष्कळ फॉर्मवर लिहिलेलंच असतं. रिझ्युमेवर सरळ ‘सीजीपीए ६.६/१०’ लिहा.

मात्र अट ‘६० टक्के किंवा ६ सीजीपीए’ अशी असेल, किंवा फॉर्मवर कंपनीनेच सूत्र छापलं असेल, तर कंपनीचं म्हणणं धरा. पहिल्या प्रकारात तर टक्के काढायची गरजच नाही, ६.६ चालतो.