उंदरांतले गोलकृमी: सुरुवात लेंड्यांपासूनच करा

गोलकृमींच्या प्रयोगासाठी उंदरांना त्यांच्या अळ्या पाजून संसर्ग करायची घाई नको. आधी लेंडीतली कृमींची अंडी बिनचूक मोजता आली पाहिजेत. आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी असल्याशिवाय पिंजऱ्याला हातही लावू नका.

मॅकमास्टर स्लाइड वापरा, म्हणजे अंडी मोजायची दोन कप्प्यांची, रेघा आखलेली काचपट्टी. अर्धा ग्रॅम ताज्या लेंड्या, त्यात मिठाचं संपृक्त पाणी घालून एकूण 15 मिली. नीट कुस्करा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि ढवळता ढवळताच ड्रॉपरने उचला. बहुतेकांची गल्लत इथेच होते: द्रव जरा स्थिर झाला की अंडी वर तरंगतात, मग तळातून उचललेला थेंब रिकामाच निघतो. स्लाइड भरल्यावर मात्र 5 मिनिटं थांबा आणि फोकस वरच्या काचेच्या रेघांवर आणा. दोन्ही कप्प्यांतली बेरीज गुणिले 100, ही झाली ग्रॅममागची अंडी. स्लाइड फार वेळ ठेवलीत तर मिठाचे खडे धरतात.

आणखी काही चुका:
- भुशातून लेंड्या वेचणं. कोणत्या उंदराच्या, कळत नाही. उंदीर एकेकटा ओल्या टिपकागदावर ठेवा.
- सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये नमुना टेबलावर सोडणं. अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात. फ्रीजमध्ये 4 अंशांवर ठेवा, फ्रीजरमध्ये नको.
- सिफेशिया या उंदरांतल्या बारीक गोलकृमीची अंडी लेंडीत शोधणं. मादी ती गुदद्वाराभोवती घालते. तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि स्लाइडवर लावा.

उसाच्या फडातला उंदीर प्रयोगाला आणू नका. त्याच्या पोटात आधीच कोणते जंत आहेत ठाऊक नसतं, शिवाय लेप्टोस्पायरोसिसचा धोका. अळ्या वाढवणं आणि मात्रा ठरवणं नंतर बघू.