राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात संशोधन पदवी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

विद्यापीठ नंतर, आधी प्रश्न शोधा. 'युक्रेन युद्ध आणि जागतिक राजकारण' हा नुसता विषय झाला, त्यावर तीन-चार वर्षं घालवूनही फारसं हाती लागणार नाही. तेच जरा जवळून बघा. २ मार्च २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियन आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला आणि ३५ देश तटस्थ राहिले. त्यातले दोनच देश घ्या आणि विचारा, दोघांच्या तटस्थतेमागचं कारण एकच होतं का? आता हाताला काम मिळालं. प्रतिनिधींची भाषणं आमसभेच्या इतिवृत्तात मिळतात, आधीच्या ठरावांवरची मतं मिळतात, त्या देशांची शस्त्रखरेदी आणि व्यापारही तपासता येतो.

मग मार्गदर्शक, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. तुमच्या प्रश्नाच्या आसपास लिहिणारी आणि मसुदे नीट वाचणारी व्यक्ती हवी. तिच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना थेट विचारा: दिलेलं प्रकरण शेरे मारून किती दिवसांनी परत मिळतं?

संख्याशास्त्र असो वा मुलाखती, संशोधन पद्धती पहिल्या वर्षीच शिकून घ्या. पीएचडीची खात्री नसेल तर आधी संशोधनावर आधारित मास्टर्स करा. काम चांगलं झालं तर परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत तीच नोंदणी पुढे पीएचडीत बदलून मिळते.