‘ट्रेंड’ माणूस ओळखायचा कसा?

प्रश्न: बाबांना (वय ७८) अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आहे. पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत. आई थकलेली, मी दिवसभर नोकरीवर. घरी रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या तीन ब्युरोंना फोन केले. तिघंही म्हणतात, ‘आमची माणसं ट्रेंड (म्हणजे प्रशिक्षित) आहेत, काळजीच करू नका.’ निवडायचं कसं?

उत्तर: ‘काळजीच करू नका’ म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढूनही स्वतःच्या आईसाठी बाई ठेवताना मी याच वाक्याला भुलले. चौथ्या दिवशी तिनं आईला उठवताना लुळाच हात धरून ओढला. खांदा महिनाभर ठणकत होता. ब्युरोवाले म्हणाले, ‘बदली पाठवतो.’ कधी, ते काही बोलले नाहीत.

तेव्हा आधी बाबांचा अख्खा दिवस कागदावर उतरवा, रात्रीसकट. नाकात नळी, कॅथेटर (लघवीची नळी), इंजेक्शन यांतलं काही राहणार आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. असेल तर नोंदणी असलेली नर्सच हवी. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं एवढंच असेल तर केअरटेकर पुरे. नर्सचे पैसे लावून आया पाठवणारेही भेटतात.

मग माणसाला समक्ष बोलवा आणि प्रमाणपत्राआधी त्याचे हात बघा. बाबांना सदरा घालायला सांगा. जाणकार माणूस लुळा हात आधी बाहीत घालतो, काढताना मात्र चांगला हात आधी मोकळा करतो. पलंगावरून खुर्चीत बसवायला सांगा. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवली का? की काखेत हात घालून सरळ उचललंच? अर्ध्या तासात सगळं कळतं. आणि ‘हे जेवतात का?’ असं बाबांच्या देखत तुम्हाला विचारणारा मी तरी ठेवणार नाही.

ब्युरोला विचारा: सकाळी आठला माणूस आला नाही, तर कोणाला फोन करू आणि बदली किती वाजता पोचेल? उत्तर लेखी घ्या. चारित्र्य पडताळणी, सुट्ट्या, डिपॉझिट परत मिळण्याची अट, सगळं त्याच कागदावर. महिन्याचे पैसे आगाऊ भरू नका. आठवडाभर बघा, त्यात एखाद्या दुपारी न सांगता घरी या.

एक वही ठेवा: औषधं, पाणी, लघवी, कूस बदलल्याची वेळ. जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. वहीत १०, १२, २, ४ असं एका दमात, एकाच शाईत दिसलं, तर ते संध्याकाळी बसून लिहिलंय असं खुशाल समजा. आम्हीही नव्या असताना तेच करायचो!

बाई की पुरुष, हे मात्र बाबांनाच विचारा. उजवी बाजू गेली की बोलण्यावरही बरेचदा परिणाम होतो, पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. अंघोळ कोणाच्या हातून चालेल, एवढं ते मान हलवूनही सांगू शकतील.