“शाळेनं त्याची कल्पनाशक्ती मारून टाकली”

एक मेला निकाल हातात पडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचे दोन गट पडतात. मार्क कमी पडले म्हणून आलेले, आणि मार्क चांगले पडूनही काहीतरी हरवलंय म्हणून आलेले. हा दुसरा गट हल्ली वाढलाय. त्यांचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: “मॅडम, बालवाडीत असताना काय काय सुचायचं त्याला! शाळेनं सगळं मारून टाकलं.” सोबत मोबाइलवर एक व्हिडिओही असतो. नासाच्या चाचणीत पाच वर्षांची ९८ टक्के मुलं प्रतिभावान निघाली आणि मोठेपणी त्यातली २ टक्केच उरली, असं त्यात छातीठोकपणे सांगितलेलं असतं. मी त्या आकड्याला फारसा भाव देत नाही. कल्पनाशक्ती म्हणजे काही रक्तातली साखर नव्हे, बोट टोचलं आणि आकडा आला.

चिंता मात्र खोटी नसते. म्हणून सांगलीच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला चिन्मय म्हणू. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत, आणि ही गोष्ट लिहू का, हे मी आधी त्यालाच विचारलं आहे. त्याची एक अट होती, ती पुढे येईलच.

चिन्मय सातवीत, सेमी इंग्रजीला. वडिलांचं हळदीचं आडत दुकान, आई बँकेत. आई आली ती दोन वह्या घेऊन. एक तिसरीतली, कडा दुमडलेली, पानापानावर गोष्टी. दुसरी सातवीची निबंधाची वही, खाकी कव्हर, वर नाव-इयत्ता-तुकडी. तिनं शेवटचा निबंध उघडून माझ्यासमोर सरकवला. ‘सूर्य उगवला नाही तर’. दहापैकी नऊ.

“वाचा ना,” ती म्हणाली, “यात माझा मुलगा कुठं आहे?”

मी वाचला. पहिल्या ओळीत थोर विचारवंत, मग ‘खरंच, सूर्य उगवलाच नाही तर काय होईल?’, मग झाडं, पशुपक्षी, शेतकरी, आणि शेवटी ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मी स्वप्नातून जागा झालो’. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हा निबंध पाठ असेल. या प्रकाराला आपल्याकडे कल्पनाप्रधान निबंध म्हणतात आणि तो गाइडमध्ये तयार मिळतो. थोरल्या मुलांच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारतात, तर ते स्वमतसुद्धा गाइडमध्ये छापलेलं असतं! शाळेवर राग येणाऱ्या पालकांना मी म्हणूनच चुकीचं ठरवत नाही. साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला मुद्दे मोजणं सोपं पडतं, आणि मुलं ते फार लवकर ओळखतात.

“शाळा बदलू का?” आईनं विचारलं. “की घरीच शिकवू?”

वडील तोवर गप्प होते. “नऊ पडलेत ना? मग प्रश्न काय आहे?”

प्रश्न होता. फक्त तो सूर्याच्या निबंधात नव्हता, एक वर्ष मागे होता. सहावीत ‘शाळा नसती तर’ या निबंधात चिन्मयनं लिहिलं होतं की शाळा नसती तर सुट्टीही नसती, आणि मग पोट दुखल्याचं नाटक त्यानं कशासाठी केलं असतं? त्याला चार मार्क आणि लाल शेरा मिळाला: ‘मुद्द्यांना धरून लिही.’ आई तडक शाळेत गेली. बाई भल्या होत्या, त्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि भरपाई म्हणून त्यांनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. इकडे आईनं पानाचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या मामांनी ‘भावी साहित्यिक’ म्हणून टाळ्यांची रांग लावली. त्यानंतरचा प्रत्येक निबंध गाइडसारखा.

चिन्मय पहिल्यांदा एकटा बसला तेव्हा मी गोष्टींचं नावच काढलं नाही. अशा मुलांच्या बाबतीत माझा एक शिरस्ता आहे: जे हरवलंय असं मोठी माणसं म्हणतात, त्याच्या आसपासही फिरकायचं नाही. मी हळदीबद्दल विचारलं. राजापुरी हळद म्हणजे काय, सौदा कसा होतो, मला खरंच माहीत नव्हतं. तो खुलला. बोलता बोलता सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर आला. आजोबांनी त्याला ती जागा दाखवली होती. जमिनीत खोदलेली खोल पेवं, तोंड अरुंद आणि पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बरीचशी गेली, आता माल कोल्ड स्टोरेजला जातो. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हेही आजोबांनी सांगितलेलं. आत हवा कोंदलेली असते. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर माणूस खाली पाठवायचा नाही.

पुढच्या काही भेटी हळद, क्रिकेट आणि एका मित्राशी झालेलं भांडण यांतच गेल्या. मग एकदा मी माझी वही चाळत बसले होते आणि तो खिडकीशी. मान न वळवता म्हणाला, “एका पेवात एक माणूस राहतो.”

“बरं,” मी म्हटलं, आणि वहीतच बघत राहिले.

“वरच्यांना माहीत नाही. ते कंदील सोडतात. कंदील खाली आला की तो फुंकर मारतो. वरचे म्हणतात, हवा खराब आहे, आणि निघून जातात.”

“खाली का राहतो तो?”

“वर सगळे विचारतात.”

“काय?”

“काय करतोयस.”

इतक्या वर्षांत मुलांच्या तोंडून बरंच ऐकलंय, पण हे ऐकताना पेन खाली ठेवावं लागलं. ज्या मुलाची कल्पनाशक्ती मेली म्हणून त्याला माझ्याकडे आणलं होतं, त्यानं आजोबांच्या एका माहितीतून अशी गोष्ट उभी केली होती की मोठ्या लेखकानं हेवा करावा. आणि तीत त्यानं मला स्वतःचं निदानही देऊन टाकलं होतं.

मी सावकाश विचारलं, “निबंध गाइडमधून पाठ करतोस का रे?”

त्याला ते अपमानास्पद वाटलं. “पाठ कशाला करायचं? मी गाइडसारखं लिहितो. सोपंय. पहिल्या ओळीत कुणीतरी थोर माणूस टाकायचा. मग ‘खरंच’. मग दोन म्हणी. शेवटी आईची हाक.” आणि पहिल्यांदाच हसला. “नऊच्या खाली येतच नाहीत.”

म्हणजे तो सूर्याचा निबंध ही चक्क त्याची फुंकर होती. शाळेचा साचा त्यानं आतून-बाहेरून ओळखला होता आणि तोच लपायला वापरत होता. आई विचारत होती ना, यात माझा मुलगा कुठं आहे? तो तिथंच होता.

ही पेवाची गोष्ट घरी सांगू का, असं मी त्याला विचारलं. सांगा म्हणाला, फक्त शेवट सांगायचा नाही. तीच अट या लेखालाही आहे.

आई ऐकून घेत होती, पण तिला पटलं नव्हतं. “मी तर त्याचं कौतुकच केलं ना? रागावले का कधी?”

हा प्रश्न रास्त आहे, आणि खरं तर इथंच बहुतेक घरांचं घोडं अडतं. ओरडा मुलाला गप्प करतो हे सगळ्यांना कळतं. कौतुकही तेच करतं, हे पचत नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात पेनं समोर ठेवली तेव्हा हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल न करता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं, त्यांची गोडी मात्र तशी घटली नाही. बक्षिसाची वाट बघत केलेला खेळ काम होऊन बसतो.

मी स्वतः विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाच्या वळणानं विचार करते, हे लपवत नाही. १९५८ च्या एका लेखात त्यांनी म्हटलं आहे की एकटं असण्याची क्षमता मूल आईच्या सोबतीतच कमावतं. आई खोलीत असते, पण मुलाकडून तिला काही नको असतं. अशा वेळी मूल खरं खेळतं. चिन्मयला गोष्ट सुचली तेव्हा मी खोलीत होते आणि माझी वही चाळत होते. त्याच्या घरात मात्र त्यानं चार ओळी लिहिल्या की कुणीतरी खांद्यावरून वाकून बघणार, ऱ्हस्व-दीर्घ सुधारणार, फोटो काढणार. प्रेमानंच, पण रोज.

शाळेत न गेलेल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला पालक नेहमी देतात. लिहिता-वाचता येत नसताना केवढी कविता! खरं आहे. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात, पुस्तकरूपानं आपल्या हाती आल्या. पण शाळा नव्हती म्हणून शिक्षण नव्हतं असं कसं म्हणायचं? ओवीचा साचा त्यांना घरोघरच्या जात्यांवरून मिळाला होता, आणि आपल्याकडे शतकानुशतकं बायकांनी तो गाऊन गाऊन घोटवलेला आहे. साचा असल्यानं कल्पना मरते, हे मला म्हणूनच मान्य नाही. जात्यापाशी मार्क देणारं कुणी नव्हतं, हा फरक मला जास्त मोठा वाटतो.

तेव्हा मी चिन्मयच्या आईला शाळा सोडायला सांगितली नाही. शाळेचा निबंध हे कसब आहे, पत्र लिहायला शिकतो तसं शिकू दे, त्यात जीव ओतलाच पाहिजे असा हट्ट नको. तुमच्याही पगारी कामात तुम्ही रोज जीव ओतता का? घरात मात्र एक वही अशी असू दे जिच्यात कुणीही डोकवायचं नाही. त्यानं आपणहून दाखवलं तर ‘छान’, ‘हुशार’ यापेक्षा ‘मग पुढं काय झालं?’ हे विचारा. आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर तिथंच सोडून द्या. ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर रुसू नका. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

वडिलांना वेगळं काम दिलं. रविवारी पोराला दुकानात न्या, सौद्याला न्या, आजोबांबरोबर भटकू द्या. कल्पना हवेतून येत नाहीत, पाहिलेल्या-ऐकलेल्यातूनच बनतात, असं रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की १९३० च्या सुमारास सांगून गेला आहे. त्याचं तर म्हणणं होतं की मुलाची कल्पनाशक्ती मोठ्यांपेक्षा तोकडीच असते, कारण अनुभवाचा साठा कमी. शाळा, शिष्यवृत्तीचा क्लास, अबॅकस आणि रात्री मोबाइल असा दिवस असलेल्या मुलाला पेव कुठून सुचणार? वडील म्हणाले, “म्हणजे दुकानात आणलं तरी अभ्यासाचं नुकसान नाही?” मी नाही म्हटलं. खूश होऊन गेले.

शाळा बदलावी असं मी कधीच सांगत नाही, असं मात्र समजू नका. वेगळं उत्तर दिलं म्हणून वर्गात हसं केलं जातं, हात उचलला जातो, रविवारी संध्याकाळपासून पोट दुखायला लागतं आणि ते नाटक नसतं, अशी मुलंही माझ्याकडे येतात. तिथं सर्जनशीलतेची चर्चा करत बसण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापकांना भेटा, लेखी द्या, आणि फरक पडत नसेल तर वर्षाच्या मध्येच का होईना, शाळा बदला.