चार वर्षांच्या मुलीच्या एमआरआयमध्ये ‘किआरी टाइप 1, टॉन्सिल 7 मिमी खाली’ आलंय. म्हणजे काय? लगेच ऑपरेशन करावं लागेल का?

सासूबाई ‘टॉन्सिलच ना, हळदीच्या गुळण्या द्या’ म्हणाल्या असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

हे घशातले टॉन्सिल नव्हेत. लहान मेंदूच्या खालच्या दोन टोकांनाही टॉन्सिलच म्हणतात. कवटीचा मागचा खालचा भाग मुळातच लहान राहिला की ती टोकं तळाच्या भोकातून मानेत उतरतात. मज्जारज्जूही तिथूनच जातो आणि मेंदूभोवतीचं पाणीही तिथूनच ये-जा करतं. वाट चोंदली की पाणी अडतं. हान्स किआरी या डॉक्टरांनी 1891 मध्ये प्रागला याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

माझ्या मुलाचं पाचव्या वर्षी निघालं. खदखदून हसला की मान मागून घट्ट धरायचा, खोकला आला तरी तेच. आमचे डॉक्टर म्हणाले, शाळेचा कंटाळा असेल. मीही दोन-तीनदा त्याला रागावले. एका संध्याकाळी नुकताच चहा ओतलेला स्टीलचा पेला त्यानं उजव्या हातात उचलला आणि तसाच टीव्ही बघत उभा राहिला. मी किंचाळले तेव्हा खाली ठेवला. तीन बोटांना टचटचीत फोड आले होते, पण डोळ्यांत पाणी नाही. माझी थोरली नणंद तिथंच होती. अक्का म्हणाल्या, “किती सोशिक आहे गं पोर!”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर त्या त्याला हाडवैद्याकडे घेऊन गेल्या, मानेत लचक भरलीय म्हणून. त्यानं मान धरून झटका दिला. रात्री पोराला तीन उलट्या झाल्या. कुणी कितीही मायेनं सांगो, मुलीच्या मानेला असल्या माणसाचा हात लागू देऊ नका.

न्यूरोसर्जननी आधी त्याची बोटंच बघितली. डोळे मिटायला लावून गार आणि कोमट पाण्याच्या नळ्या हाताला लावल्या. स्पर्श कळत होता, गार-गरम कळत नव्हतं. मग पूर्ण मणक्याचा एमआरआय केला, तर मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी! तिला सिरिंक्स म्हणतात. दुखणं आणि गरम-गार कळवणारे तंतू रज्जूच्या मधूनच पलीकडे जातात, म्हणून आधी तेच दबतात. सोशिकपणा कसला!

ऑपरेशनमध्ये कवटीच्या मागचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढली, मेंदूभोवतीच्या आवरणाला ठिगळ लावून जागा मोकळी केली. हसताना मान धरणं महिन्याभरात थांबलं. सहा महिन्यांनी पोकळी निम्म्याहून लहान झालेली दिसली. तरी अक्का प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत म्हणतात, “उगाच कापलं लेकराला, बघा कसा पळतोय.” अहो, कापलं म्हणूनच पळतोय! थांबलो असतो तर ती पोकळी वाढत गेली असती आणि हातांतली ताकदही गेली असती. हे त्यांना तोंडावर सांगायचं माझ्याकडून आजवर झालं नाही, म्हणून इथं लिहितेय.

पण म्हणून तुमच्या मुलीचंही ऑपरेशन कराच असं मी म्हणत नाही. साधारण 5 मिमीच्या पुढे उतरलं की हे नाव लावतात, आणि नुसत्या आकड्यावरून त्रास किती ते ठरत नाही. कितीतरी मुलांत हे दुसऱ्याच कारणानं केलेल्या एमआरआयमध्ये सापडतं. त्रास नसेल, सिरिंक्स नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. पूर्ण मणक्याचा एमआरआय झालाय का ते विचारा. गिळताना ठसका लागतो का, झोपेत श्वास अडतो का, पाठ वाकडी होतेय का, हे स्वतः बघून सांगा. पहिल्या दोन मणक्यांचा सांधा ढिला आहे का, हेही तपासून घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात पूर्वी असलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल या सांध्याचा ढिलेपणाच किआरीचं मूळ कारण मानतात. सगळ्या सर्जनना ते पटत नाही, तेव्हा दुसरं मत घेण्यात संकोच नको.

आमचा आता अकरा वर्षांचा आहे. उजव्या हाताला गरम अजून नीट कळत नाही. आंघोळीचं पाणी तो डाव्या हातानं बघतो.